विज्ञानलेखात वाचकाला वाट कशी दाखवावी

विज्ञानावरचा लेख वाचकाने मध्येच सोडला की खापर विषयाच्या अवघडपणावर फुटते. पण बऱ्याचदा समोरचे वाक्य वाचकाला कळलेले असते. ते इथे का आले, हे कळत नाही, आणि तिथेच तो अडतो. वाचताना त्याच्या मनात तीन प्रश्न चालू असतात: हे मला आत्ता का सांगताय, या शब्दाचा अर्थ काय, आणि हे कितपत पक्के आहे. लेखातली काही वाक्ये माहिती देतात, तर काही शब्द फक्त या प्रश्नांना उत्तरे देण्यासाठी असतात. 'म्हणजे', 'पण', 'वर पाहिले तसे', 'आतापर्यंतच्या पुराव्यांवरून', 'तुम्हाला वाटेल की' हे सगळे त्या दुसऱ्या गटातले. भाषाशास्त्रात त्यांचा स्वतंत्र अभ्यास होतो. केन हायलंड यांनी २००५ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात त्यांचे दोन मोठे भाग पडतात: मजकुराची जुळणी दाखवणारे आणि वाचकाला संवादात ओढणारे. लिहिताना हे वर्गीकरण पाठ असायची गरज नाही. हे शब्द कुठे लागतात आणि कुठे अडगळ होतात, एवढे ओळखता आले पाहिजे.

अडगळीचा धोका खरा आहे. 'प्रथम आपण हे पाहू, त्यानंतर ते पाहू, आणि शेवटी निष्कर्षाकडे वळू' अशा वाक्यांनी भरलेला लेख वाचकाला काहीच न सांगता त्याचा वेळ घेतो. वाट दाखवणारे शब्द लागतात ते जिथे पाऊल घसरेल तिथे. सपाट जमिनीवर पाट्या नकोत.

पुढच्या सगळ्या सूचनांसाठी एकच उदाहरण घेऊ: 'पृथ्वीवर ऋतू का होतात?' या विषयावरचा हजार-बाराशे शब्दांचा लेख. विषय शाळेतला, पण अनेकांच्या मनात त्याचे चुकीचे उत्तर घट्ट बसलेले आहे, म्हणून सोयीचा.

## लिहिण्याआधीची यादी

लेखाचा प्रश्न एका ओळीत लिहा. त्याखाली उत्तरही एकाच वाक्यात लिहा: 'पृथ्वीचा अक्ष कललेला आहे आणि वर्षभर तो एकाच दिशेला रोखलेला राहतो, त्यामुळे एकाच ठिकाणी वर्षाच्या वेगवेगळ्या काळात ऊन वेगळ्या कोनातून आणि कमी-जास्त वेळ पडते.' हे वाक्य लेखात जसेच्या तसे येणार नाही. ते तुमच्यासाठी आहे.

आता उत्तरातला एकेक भाग समजायला आधी काय माहीत हवे, ते मागे मागे जात लिहा. कोनाचा परिणाम कळायला तिरपे ऊन जास्त जागेवर पसरते हे माहीत हवे. ऊन कधी सरळ तर कधी तिरपे का पडते, हे कळायला अक्षाची दिशा बदलत नाही हे माहीत हवे. आणि त्यासाठी पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे आणि सूर्याभोवती फिरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे डोक्यात स्पष्ट हवे. यादी खालून वर वाचली की लेखाचा क्रम हाती येतो. पायऱ्या सात-आठच्या पुढे गेल्या, तर एका लेखात दोन लेख कोंबले जात आहेत असे समजावे.

यादी झाली की पेन्सिलने खुणा करा. वाचकाच्या मनात आधीपासून चुकीचे काही बसलेले असेल तिथे फुली, नवा पारिभाषिक शब्द येणार असेल तिथे गोल, मोठी संख्या येणार असेल तिथे रेघ, आणि शास्त्रज्ञांनाच पुरती खात्री नसेल तिथे प्रश्नचिन्ह. वाट दाखवणारी भाषा या खुणांच्या जागी खर्च करायची. उरलेल्या जागी विषय आपल्या पायांनी चालतो.

## पहिले शंभर शब्द

पहिल्या शंभर-सव्वाशे शब्दांत लेखाचा प्रश्न वाचकापर्यंत पोहोचला पाहिजे, आणि तो त्याला स्वतःचा वाटला पाहिजे. 'ऋतूंचे मानवी जीवनात अनन्यसाधारण महत्त्व आहे' या सुरुवातीने प्रश्न पोहोचत नाही. 'या लेखात आपण ऋतूंची कारणे जाणून घेणार आहोत' यानेही नाही, कारण इथे फक्त विषय जाहीर झाला. प्रश्न पडलाच नाही.

प्रश्न पडण्यासाठी वाचकाच्या समजुतीला अडचणीत आणणारी वस्तुस्थिती समोर ठेवा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला ती सर्वांत दूर असते, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर. म्हणजे उत्तर गोलार्धात कडाक्याची थंडी असते तेव्हा सूर्य जास्त जवळ असतो. एवढे वाचल्यावर 'मग कारण काय?' हा प्रश्न तुम्हाला लिहावाही लागत नाही.

गैरसमज हाताळताना एक काळजी घ्यायची. चुकीची समजूत एकदाच, स्पष्ट शब्दांत सांगा आणि ती चुकीची आहे हे त्याच वाक्यात किंवा लगेच पुढच्या वाक्यात म्हणा. तीन परिच्छेद गैरसमज रंगवून चौथ्यात 'पण हे खरे नाही' म्हटले, तर चाळून वाचणारा माणूस गैरसमजच घेऊन जातो. चुकीचे का, तेही सांगा. अंतर कारण असते तर दोन्ही गोलार्धांत उन्हाळा एकाच वेळी आला असता. प्रत्यक्षात उत्तरेत उन्हाळा असताना दक्षिणेत हिवाळा असतो. नुसता नकार दिला की वाचकाच्या मनात पोकळी राहते आणि जुनी समजूत पुन्हा तिथे येऊन बसते. म्हणून नकारापाठोपाठ खरे कारण आलेच पाहिजे, निदान त्याची चाहूल तरी.

## जोड वाक्यांच्या रचनेत असते

वाक्ये एकमेकांना जोडण्याचे मुख्य काम जोडशब्द करतात, असा समज आहे. खरे काम माहितीचा क्रम करतो: वाक्याची सुरुवात वाचकाला माहीत असलेल्या गोष्टीने आणि शेवट नव्या गोष्टीने. ती नवी गोष्ट पुढच्या वाक्याच्या सुरुवातीला जुनी होऊन येते. पुढची तीन वाक्ये पाहा:

'तिरपे किरण जास्त जागेवर पसरतात. दर चौरस मीटरला मिळणारी ऊर्जा त्यामुळे घटते. हिवाळ्यात दुपारचा सूर्य फार वर येत नाही.'

तिन्ही वाक्ये बरोबर आहेत, पण तिसरे हवेत लटकते. क्रम बदलू:

'हिवाळ्यात दुपारचा सूर्यही फार वर येत नाही. सूर्य खाली असला की किरण जमिनीवर तिरपे पडतात. तिरपे किरण जास्त जागेवर पसरतात. जागा वाढली की प्रत्येक चौरस मीटरच्या वाट्याला येणारी ऊर्जा कमी होते.'

इथे 'म्हणून', 'त्यामुळे', 'परिणामी' यांपैकी एकही शब्द नाही आणि तरी साखळी कुठे तुटत नाही. परिच्छेद विस्कळीत वाटला की जोडशब्द पेरण्याआधी हे करून पाहा. निम्म्या जागी काम भागते.

मराठीत क्रियापद शेवटी येते. त्यामुळे वाक्यातली सर्वांत ठसणारी जागा क्रियापदाच्या अगदी आधीची. नवी आणि महत्त्वाची गोष्ट तिथे ठेवा. 'अक्षाच्या कलण्यामुळे ऋतू होतात' आणि 'ऋतू अक्षाच्या कलण्यामुळे होतात' यांत माहिती एकच आहे. 'ऋतू कशामुळे होतात?' या प्रश्नाला उत्तर देणारे वाक्य मात्र दुसरेच.

क्रियापद शेवटी येण्याचा तोटाही आहे. नामाआधी विशेषणांची गाडी लांबत गेली, की वाचकाला शेवटपर्यंत श्वास रोखून थांबावे लागते. 'दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीतून निर्माण झालेल्या गुरुत्वीय लहरींमुळे चार किलोमीटर लांबीच्या भुजांमध्ये होणारा प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही शेकडो पटींनी लहान असलेला बदल मोजू शकणारे उपकरण' हा नुसता कर्ता आहे. वाक्य अजून सुरूही झालेले नाही. विज्ञानलेखनात हा आजार फार आढळतो, कारण 'झालेल्या', 'होणारा', 'असलेला' यांनी कितीही माहिती एका नामावर लादता येते. उपाय साधा: एका नामाआधी असे एकच कृदंत, फार तर दोन. बाकीची स्वतंत्र वाक्ये करा. 'या उपकरणाला दोन भुजा आहेत, प्रत्येकी चार किलोमीटर लांब. गुरुत्वीय लहर आली की भुजांची लांबी किंचित बदलते. हा बदल प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही शेकडो पटींनी लहान असतो, आणि तो मोजता येतो.' शब्द थोडे वाढले, तरी वाचायला वेळ कमी लागतो.

दुसरी नेहमीची ठेच 'हे', 'ते', 'यामुळे' या शब्दांची. दोन-तीन गोष्टी सांगून झाल्यावर 'यामुळे तापमान वाढते' असे लिहिले, तर नेमके कशामुळे? लेखकाला माहीत असते, वाचक अंदाज बांधतो. सुटा 'यामुळे' दिसला की त्यात नाम घाला: 'या कलामुळे', 'दिवस लांबल्यामुळे'. संपादनाच्या एका फेरीत फक्त हेच तपासले तरी लेख बराच सुधारतो.

## जोडशब्द निवडताना

'त्यामुळे' कारणाचा परिणाम सांगतो, 'म्हणून' निष्कर्ष किंवा हेतूही सांगू शकतो. 'दक्षिण गोलार्धात तेव्हा हिवाळा असतो, म्हणून अंतर हे कारण असू शकत नाही' हा तर्क झाला. इथे 'त्यामुळे' घातले तर हिवाळ्याने काहीतरी घडवून आणल्यासारखे वाटते. त्याहून गंभीर चूक म्हणजे दोन गोष्टी फक्त एकत्र आढळल्या असताना मध्ये 'त्यामुळे' घालणे. मूळ संशोधनात केवळ संबंध सापडलेला असतो. लेखातला एक जोडशब्द त्याला कारण बनवून टाकतो.

'पण', 'परंतु', 'मात्र', 'तरीही' हे वळण दाखवतात. एका परिच्छेदात एक वळण पुरे. दोन झाली की वाचक मूळ दिशेला परत येतो आणि आपण नेमके कोणत्या बाजूला आहोत, हे विसरतो. 'अर्थात' जपून वापरा: कुणी त्याचा अर्थ 'म्हणजेच' घेतो, कुणी 'हे उघडच आहे' असा. जो अर्थ हवा असेल त्याचा नेमका शब्द लिहावा. 'साहजिकच', 'सर्वांना माहीत आहेच', 'सोपे आहे' हे तर काढूनच टाका. ज्याला माहीत आहे त्याला त्यांची गरज नाही, आणि ज्याला माहीत नाही त्याला आपण मागे पडलो असे वाटते.

'पुढे पाहू' आणि 'वर पाहिले तसे' या शब्दांनी वाचकावर स्मरणाचे ओझे पडते. वर पाहिलेली गोष्ट दोन परिच्छेदांपेक्षा मागे असेल, तर नुसता हवाला देऊ नका, ती चार शब्दांत पुन्हा सांगा. 'वर पाहिले तसे' ऐवजी 'अक्ष वर्षभर एकाच दिशेला रोखलेला असल्याने' असे लिहिले की वाचकाला मागे जावे लागत नाही.

## पारिभाषिक शब्द: आधी वस्तू, मग नाव

माणसाच्या तात्पुरत्या स्मृतीत एका वेळी थोड्याच गोष्टी मावतात. १९५६ मध्ये मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी हा आकडा सातच्या आसपास सांगितला होता. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये पुराव्यांचा फेरविचार करून तो चारच्या आसपास आणला. न रुळलेला प्रत्येक नवा शब्द त्यातली एक जागा अडवतो. म्हणून एका परिच्छेदात एकच नवा शब्द, आणि हजार शब्दांच्या लेखात पाच-सहा. त्याहून जास्त लागत असतील तर प्रत्येकाला विचारा: हा शब्द पुढे पुन्हा येणार आहे का? एकदाच येणार असेल तर नाव देऊच नका, वर्णन पुरते. सूर्याच्या सर्वांत जवळच्या बिंदूला 'उपसूर्य' म्हणतात, ही माहिती आपल्या लेखाला लागत नाही.

शब्द द्यायचाच असेल तर आधी वस्तू दाखवा, मग तिचे नाव सांगा. 'अक्ष म्हणजे ज्या काल्पनिक रेषेभोवती पृथ्वी फिरते ती रेषा' यात वाचकाला नाव आधी मिळते आणि अर्थ येईपर्यंत ते रिकामे धरून ठेवावे लागते. 'पृथ्वीच्या दोन्ही ध्रुवांतून आरपार जाणारी एक रेषा कल्पा. पृथ्वी तिच्याभोवती फिरते. हा तिचा अक्ष' यात नाव येते तेव्हा त्याची जागा तयार असते.

एकदा दिलेले नाव मग बदलायचे नाही. ललित लेखनात पुनरुक्ती टाळायची सवय असते. इथे ती घात करते. पहिल्या परिच्छेदात 'अक्ष', तिसऱ्यात 'आस', पाचव्यात 'अक्षरेषा' आले, की या तीन वेगळ्या गोष्टी आहेत की काय, असा प्रश्न वाचकाला पडतो. परिभाषेत पर्याय भरपूर असतात, त्यामुळे लेख सुरू करण्यापूर्वीच निवड करून ती कागदावर लिहून ठेवा. दिसायला सारखी नावे असतील तर आणखी सावध राहावे. 'परिवलन' आणि 'परिभ्रमण' या जोडीत कोणते स्वतःभोवतीचे आणि कोणते सूर्याभोवतीचे, हे शाळा संपली की बहुतेक जण विसरतात. 'स्वतःभोवती फिरणे' आणि 'सूर्याभोवती फिरणे' असे लिहिले तर लेखाचा दर्जा काही खाली येत नाही.

रोजच्या भाषेत एक आणि विज्ञानात दुसरा अर्थ असलेले शब्द सर्वांत फसवे, कारण वाचकाला आपण अडलो आहोत हेच कळत नाही. वजन आणि वस्तुमान, बल आणि शक्ती, उष्णता आणि तापमान ही नेहमीची उदाहरणे. 'सिद्धांत' हाही तसाच: बोलताना तो 'नुसती कल्पना' या अर्थाने येतो, विज्ञानात पुराव्यांवर उभे असलेले स्पष्टीकरण म्हणून. असा शब्द पहिल्यांदा येतो तिथेच फरक सांगून मोकळे व्हा.

## उपमा कुठे संपते ते सांगा

उपमा देताना तीन गोष्टी लेखात उतरल्या पाहिजेत: कशाशी तुलना, त्यातला कोणता गुण जुळतो, आणि जुळणी कुठे थांबते. तिसरी बहुतेक लेखांतून गळते. अणूला छोटी सूर्यमाला म्हटले की मध्ये जड केंद्र आणि भोवती इलेक्ट्रॉन एवढे जुळते. पुढे वाचक ती उपमा आपणच ताणतो: इलेक्ट्रॉन ग्रहासारखे ठरलेल्या कक्षेत फिरत असणार. तसे ते फिरत नाहीत. ठरावीक मार्गाऐवजी त्यांच्या सापडण्याच्या शक्यतेबद्दलच बोलता येते. 'जुळणी इथपर्यंतच' हे वाक्य उपमेच्या पाठोपाठ यावे. पानभर नंतर आले तर उशीर झालेला असतो.

एका कल्पनेला एकच उपमा. दुसरी सुचली आणि ती जास्त चांगली वाटली, तर पहिली काढा.

काही ठिकाणी उपमेपेक्षा करून पाहण्याजोगी गोष्ट बरी. अंधाऱ्या खोलीत टॉर्चचा झोत कागदावर सरळ पाडा, मग कागद तिरका करा: प्रकाशाचा ठिपका लांबतो आणि फिका होतो. ही तुलना नाही. ऊन पसरते तसेच इथेही घडते, त्यामुळे जुळणी कुठे तुटेल याची चिंता नाही.

## संख्या

संख्येने ठसा उमटतो तो तुलनेमुळे. 'अंतरातल्या फरकामुळे पृथ्वीला मिळणाऱ्या ऊर्जेत वर्षभरात सुमारे ७ टक्के फरक पडतो' हे एकटे वाचले तर ७ टक्के जास्त की कमी, कळत नाही. शेजारी दुसरी संख्या ठेवा. विषुववृत्त आणि उत्तर ध्रुव यांच्या बरोबर मध्ये, ४५ अंश अक्षांशावर, जूनच्या अखेरीस भरदुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ६८ अंश वर असतो आणि डिसेंबरच्या अखेरीस सुमारे २२ अंश. वातावरणाचा परिणाम बाजूला ठेवला, तर केवळ या कोनामुळे भरदुपारी दर चौरस मीटरला जूनमध्ये डिसेंबरच्या सुमारे अडीचपट ऊर्जा मिळते. शिवाय जूनमधला दिवस साधारण साडेपंधरा तासांचा, डिसेंबरमधला पावणेनऊ तासांचा. एकीकडे ७ टक्के, दुसरीकडे अडीचपट. वाद तिथेच मिटतो.

मात्र वरच्या उताऱ्यात संख्या दाटल्या आहेत. लेखात त्या दोन परिच्छेदांत विभागाव्या लागतील. एका वाक्यात दोनपेक्षा जास्त संख्या नकोत. अचूकताही गरजेपुरती. प्रकाशाचा वेग सेकंदाला २,९९,७९२.४५८ किलोमीटर आहे. सूर्यप्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे ८ मिनिटे २० सेकंद लागतात हे सांगायला 'सुमारे ३ लाख किलोमीटर' पुरते. एकके आणि मोजण्याची पद्धत मध्येच बदलू नका. आधी कोटी, मग दशलक्ष, पुढे अब्ज असे झाले की वाचक गणित करत बसतो.

टक्क्यांतली वाढ सांगताना मूळ आकडा सोबत हवाच. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये औषधसुरक्षा समितीने इशारा दिला, की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका दुप्पट होतो. प्रत्यक्षात धोका सुमारे ७००० स्त्रियांमागे १ वरून २ वर गेला होता. 'दुप्पट' हा शब्द खोटा नव्हता. पण बातम्यांतून तोच एकटा पोहोचला, असंख्य स्त्रियांनी गोळ्या थांबवल्या आणि नको असलेली गर्भारपणे आणि गर्भपात वाढले. गर्भारपणात गुठळ्यांचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो, हा या प्रकरणातला सर्वांत कडू भाग.

## किती खात्री, ते नेमके सांगा

खात्री दाखवणारे शब्द दोन्ही बाजूंनी बिघडतात. 'सिद्ध झाले' हे एका अभ्यासावर लिहिले जाते, आणि दुसरीकडे 'असे कदाचित म्हणता येण्याची शक्यता असू शकते' अशी वाक्ये येतात, ज्यांत लेखक स्वतःला वाचवतो आणि वाचकाच्या हाती काहीच पडत नाही. एका विधानाला एकच मर्यादा लावा, आणि ती ज्या भागाबद्दल शंका आहे त्याच भागाला लावा. औषधाने गाठी लहान झाल्या हे उंदरांत मोजलेले असेल, तर ते ठामपणे लिहा. माणसांत तसे होईल का, हे अनिश्चित आहे, तेवढ्यापुरताच 'अजून तपासलेले नाही' असा शेरा द्या. आणि 'उंदरांमध्ये' हा शब्द पहिल्याच वाक्यात हवा. सातव्या परिच्छेदात तो वाचेपर्यंत अर्धे वाचक निघून गेलेले असतात.

आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या हवामानबदलावरील अहवालांत अशा शब्दांना आकडे बांधून दिलेले आहेत. 'शक्य' या पातळीच्या शब्दाला ६६ ते १०० टक्के, 'अतिशय शक्य'ला ९० ते १०० टक्के, 'जवळजवळ निश्चित'ला ९९ ते १०० टक्के. आपल्या लेखात आकडे द्यायला नकोत, पण स्वतःपुरती अशी चढण ठरवून ठेवा: 'असू शकेल', 'बहुधा', 'जवळपास निश्चित', आणि मग नुसते 'आहे'. मग एकाच लेखात 'बहुधा' एकदा अंदाजासाठी आणि एकदा खात्रीसाठी येणार नाही.

'शास्त्रज्ञांच्या मते' या शब्दांनी खात्री वाढत नाही. त्यांनी काय मोजले, कसे मोजले, हे अर्ध्या वाक्यात सांगितले तर वाढते.

## वाचकाशी बोलणे

'आपण' वाचकाला सोबत घेतो, 'आम्ही' त्याला बाहेर ठेवतो, 'तुम्ही' त्याला काही करायला सांगतो. तिघांची कामे वेगळी ठेवा. तर्क एकत्र लढवायचा असेल तिथे 'आपण', टॉर्च घेऊन करून पाहायचे असेल तिथे 'तुम्ही'. एकाच परिच्छेदात दोघांची सरमिसळ खटकते.

प्रश्न विचारला की तो वाचकाचा असला पाहिजे, आणि उत्तर एक-दोन परिच्छेदांत मिळाले पाहिजे. 'काय आहे हे रहस्य?' हा कुणाचाच प्रश्न नसतो. याउलट, अक्ष कललेला आहे असे सांगितल्याबरोबर बारकाईने वाचणाऱ्याच्या मनात येते: कललेला गोलार्ध सूर्याच्या थोडा जवळ जातो, मग ऊन अंतरामुळेच जास्त नाही का? नेमक्या त्याच जागी लिहा: 'कललेली बाजू सूर्याच्या जवळ आली म्हणून तर हे होत नाही? नाही. कलामुळे पडणारा अंतरातला फरक काही हजार किलोमीटरचा, आणि सूर्य आहे सुमारे १५ कोटी किलोमीटरवर.' शंका दोन परिच्छेद आधी उपस्थित केली तर ती अनाठायी वाटते, नंतर केली तर वाचक तोवर अविश्वासाने वाचत असतो.

## उपशीर्षके आणि आकृत्या

उपशीर्षक साधारण अडीचशे-तीनशे शब्दांनी. परीक्षा सोपी: फक्त उपशीर्षके ओळीने वाचा. 'प्रस्तावना, पार्श्वभूमी, कारणे, महत्त्व' यावरून हा लेख ऋतूंबद्दल आहे की करांबद्दल, तेही कळत नाही. 'अंतर हे कारण नाही', 'तिरपे ऊन पसरते', 'अक्षाची दिशा बदलत नाही' अशी असली, तर नुसती चाळणाऱ्यालाही मुद्दा मिळतो.

आकृतीचा उल्लेख मजकुरात आकृतीच्या आधी यावा, आणि तिच्यात काय पाहायचे तेही सांगावे. 'आकृती पाहा' एवढ्याने भागत नाही. ऋतूंच्या बाबतीत तर आकृतीच मोठा गोंधळ घालते. पृथ्वीची कक्षा बाजूने, तिरकी पाहिल्यासारखी काढतात, त्यामुळे ती लांबट अंड्यासारखी दिसते आणि 'अंतरामुळे ऋतू' हा गैरसमज आणखी पक्का होतो. खरी कक्षा जवळपास गोल आहे. वरून पाहून ती १० सेंटिमीटर रुंदीची काढली, तर उंची रुंदीपेक्षा मिलिमीटरच्या सुमारे सत्तराव्या भागाइतकीच कमी भरेल. पेन्सिलीची रेघ त्याहून कितीतरी जाड असते. सूर्य मात्र मधोमध नसून सुमारे ०.८ मिलिमीटर बाजूला असेल. तिरकी आकृती वापरायचीच असेल, तर खालच्या ओळीत लिहा: 'कक्षा तिरकी पाहिल्याने लांबट दिसते, प्रत्यक्षात ती जवळपास गोल आहे.'

## तपासणी

लेख झाला की निदान एक दिवस बाजूला ठेवून मोठ्याने वाचा. जीभ अडखळते तिथे बहुधा कृदंतांची माळ सापडेल. नंतर सगळे जोडशब्द खोडून वाचा. अर्थ तसाच राहिला तिथे ते परत घालू नका.

मग विषय माहीत नसलेल्या दोन-तीन जणांना छापील प्रत आणि पेन्सिल द्या. ज्या ओळीवरून मागे जाऊन पुन्हा वाचावे लागले तिथे समासात रेघ मारा, एवढेच सांगा. 'कळले का?' विचारू नका, बहुतेक जण सौजन्याने हो म्हणतात. वाचून झाल्यावर लेख काढून घ्या आणि लेखातले उत्तर त्यांच्या शब्दांत दोन वाक्यांत मागा. कुणी 'सूर्य जवळ-लांब जातो म्हणून' असे म्हटले, तर गैरसमजाचा परिच्छेद पुन्हा लिहायचा.

वाचणारा अडला तर मध्ये तोंडी समजावू नका, नाहीतर लेखाची नव्हे, तुमच्या बोलण्याची परीक्षा होईल. आणि दोघांच्या रेघा एकाच ओळीवर आल्या, तर लगेच ती ओळ दुरुस्त करायला घेऊ नका. आधी तिच्या वरची दोन-तीन वाक्ये तपासा: न सांगितलेली पायरी, बदललेले नाव किंवा नाम नसलेला 'यामुळे' बहुतेक वेळा तिथेच निघतो.